'समजा...' असं म्हणून विचार कसा करायचा

आमचा पुण्यातल्या नारायण पेठेतला वाडा तीन वर्षांपूर्वी रिडेव्हलपमेंटला गेला. पाडकाम सुरू व्हायच्या आधी आतलं सगळं सागवान, म्हणजे खांब, तुळया, जिना, दिंडी दरवाजा, एका गृहस्थांनी विकत घेतलं, प्रत्येक लाकडावर खडूने नंबर घातले आणि ट्रकमधून मुळशीकडे नेलं, तिथे त्यांचं फार्महाऊस बांधायचं चाललं होतं. दीड वर्षाने व्हॉट्सअॅपवर फोटो आले. आमचाच चौक, तेच खांब त्याच क्रमाने, तोच दरवाजा, कडीसुद्धा तीच. आणि इकडे पेठेत आमच्या जागेवर सात मजली बिल्डिंग उभी राहिलीय, सिटी सर्व्हे नंबर तोच, पाटीवर वाड्याचं नाव तेच, राहणारी माणसंही बरीचशी तीच. अप्पा, म्हणजे माझे सासरे, ते फोटो बराच वेळ झूम करून बघत बसले होते आणि मग म्हणाले, "अगं, मग आता आपला वाडा कुठला?"

मी काही बोलले नाही, कारण उत्तर नव्हतंच. पण प्रश्न डोक्यातून जाईना, आणि वाचता वाचता कळलं की साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी प्लुटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने जवळजवळ हेच लिहून ठेवलंय. अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं, म्हणजे त्यांच्या दंतकथेतल्या वीर राजाचं, जहाज जपून ठेवलं होतं, फळी कुजली की काढायची आणि नवी बसवायची, आणि त्यावरून तत्त्वज्ञांचे वाद, की जहाज तेच राहिलं की दुसरं झालं. पुढे १६५५ साली थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली, की समजा काढलेल्या जुन्या फळ्या कुणीतरी जमवत गेला आणि शेवटी त्याच क्रमाने जोडून जहाज उभं केलं, तर? म्हणजे मुळशीचे गृहस्थच की! मला त्या दिवशी खरंच खूप बरं वाटलं, कारण ज्याला आम्ही घरात नुसती हळहळ समजत होतो ते विचार करायचं एक हत्यार निघालं, आणि ते वापरता येतं, शिकता येतं.

याला मराठीत विचारप्रयोग म्हणतात. पण मला त्याहून आवडतो तो आपला शाळेतला शब्द, 'समजा'. समजा ही संख्या क्ष आहे. या एका शब्दात दोन्ही आहे बघा, धरून चाला हेही आणि समजून घ्या हेही. तर कल्पनेचा वापर करून तत्त्वज्ञानातला प्रश्न कसा सोडवायला घ्यायचा, निदान कसा नीट धरायचा, ते मला जसं जमत गेलं तसं सांगते.

सगळ्यात आधी प्रश्न ठरवा, गोष्ट नंतर. आपण उलट करतो, भन्नाट काहीतरी सुचतं, आपण सगळेच कुणाच्या तरी स्वप्नात असलो तर, वगैरे, मग त्यावर रात्री दोन वाजेपर्यंत गप्पा होतात, छान वाटतं, आणि सकाळी हातात काही नसतं. कल्पना मोकळी सोडली की ती आपल्याला आवडेल तिकडेच जाते म्हणून तिला एका प्रश्नाला बांधायची. वाड्याच्या बाबतीत माझा प्रश्न असा होता: एखादी वस्तू 'तीच' आहे हे कशावरून ठरतं? लाकडावरून, आकारावरून, जागेवरून, कागदावरून, का माणसांवरून? वहीत एका ओळीत लिहा, एका ओळीत मावत नसेल तर ते दोन प्रश्न आहेत, एक निवडा.

मग गोष्ट रचा, आणि ती शक्य तितकी छोटी ठेवा. एकच गोष्ट बदलायची, बाकी जग आहे तसं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून वाड्यावरच करून दाखवते.

पहिलं 'समजा': मुळशीचे गृहस्थ आलेच नाहीत, सगळं लाकूड जळणाला गेलं. मग नवीन बिल्डिंगला 'आपला वाडा' म्हणाल का? मी घरात विचारलं तर बहुतेक जण म्हणाले, हो, म्हणजे तसा नाही, पण आता तोच आपला. दुसरं 'समजा': लाकूड जळालं नाही, मुळशीत उभं राहिलं, म्हणजे जे खरंच झालं ते. आता तीच माणसं अडखळतात, आणि दोघे तर सरळ म्हणाले की वाडा मुळशीला गेला. आता गंमत बघा, या दोन्हींमध्ये पेठेतल्या बिल्डिंगमध्ये एक वीटसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही. बदल झाला तो चाळीसेक किलोमीटर लांब, दुसऱ्याच्या जमिनीवर. मग इथली वस्तू 'तीच' आहे की नाही हे तिथे काय उभं आहे त्यावरून कसं ठरेल? पण आपल्याला तर तसंच वाटतंय. म्हणजे एक तर आपलं वाटणं चुकतंय, किंवा 'तेच असणं' हा वस्तूच्या आतला गुण नाहीच, स्पर्धेत दुसरं कोण उभं आहे यावर तो अवलंबून आहे. या एका मुद्द्यावर तत्त्वज्ञांनी गेल्या शतकात भरपूर भांडून ठेवलंय, आणि आपण तिथे दोन वाक्यांत पोचलो, तेही काहीही न पाडता.

तिसरं 'समजा': वाडा एकदम पाडला नाही, दरवर्षी एक खांब बदलला, ऐंशी वर्षं. खरं तर हे थोडंसं झालंच होतं, कौलं बदलली, जमिनीची शहाबादी फरशी जाऊन टाइल्स आल्या, मागच्या खोल्यांवर स्लॅब पडला, आणि तेव्हा कुणीही विचारलं नाही की वाडा तोच का. पुण्यात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लकडी पूल आहे, पेशवाईत तो लाकडाचा होता, आज त्यात लाकूड नाही, सरकारी नाव छत्रपती संभाजी पूल आहे, आणि तरी रिक्षावाल्याला लकडी पूल म्हटलं की तो बरोबर नेतो. म्हणजे हळूहळू बदललं की आपण 'तेच' म्हणतो, एकदम बदललं की नाही म्हणतो. पण वेगाचा आणि 'तेच असण्याचा' संबंध काय? एका रात्रीत बदललं काय आणि ऐंशी वर्षांत बदललं काय, शेवटी उरलेलं लाकूड दोन्हीकडे शून्यच ना. इथे मी अजून अडकलेली आहे.

या वाटेवर मला मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या पाली संवादाची खूप मदत झाली. त्यात दिव्याचा दृष्टांत आहे, रात्रभर एक दिवा जळतो, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग रात्रभर वेगवेगळे दिवे जळत होते का? तेही नाही. म्हणजे 'तेच' आणि 'दुसरं' या दोनच खणांत सगळं बसवायची आपली जी घाई असते तीच चूक असू शकते, 'त्याच्यातूनच पुढे आलेलं' असा तिसरा खण आहे. चांगल्या विचारप्रयोगाचं हे काम मला फार मोलाचं वाटतं, की प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं तरी प्रश्नाची मांडणी बदलते.

आता एक सवय लावून घ्या. गोष्ट रचून झाली की कारणं शोधायच्या आधी पहिली प्रतिक्रिया लिहून टाका, एका शब्दात, हो, नाही, किंवा अडकले. कारण पाचच मिनिटांत आपण आपल्या मताला शोभेल अशी प्रतिक्रिया आठवायला लागतो. मी वहीचं पान उभं दुमडते, डावीकडे 'काय वाटलं' आणि उजवीकडे 'का', आणि डावीकडचं नंतर खोडायचं नाही हा नियम. कित्येकदा उजवीकडे लिहिलेलं कारण डावीकडच्या उत्तराला पुरत नाही असं दिसतं, आणि खरा विचार तिथून सुरू होतो.

मग रेग्युलेटर फिरवायचा. डग्लस हॉफस्टॅटर आणि डॅनियल डेनेट या दोन अमेरिकन विचारवंतांनी हा सल्ला दिलाय, की असा प्रयोग समोर आला की त्याची सगळी बटणं एकेक करून फिरवून बघा, कुठलं फिरवल्यावर उत्तर बदलतं. ट्रामचं उदाहरण बहुतेकांनी ऐकलेलं असतं, फिलिपा फूट यांनी ते १९६७ मध्ये मांडलं, ट्रामच्या ड्रायव्हरने पाच माणसांऐवजी एकाच्या रुळावर ट्राम वळवावी का, आणि पुढे ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी बटण फिरवलं, की वळवायच्या ऐवजी पुलावरून एका माणसाला ढकलून ट्राम थांबवायची असेल तर? आकडा तोच, पाचाला एक, पण हो म्हणणारे बरेचजण नाही म्हणायला लागतात. म्हणजे नुसता आकडा आपल्या मनात काम करत नव्हता. एवढं पुरे, त्याच्यावर फार बोललं गेलंय.

मला जास्त हलवून गेलं ते पीटर सिंगर यांचं तळ्याचं उदाहरण, १९७२ च्या लेखातलं, बांगलादेश युद्धातले निर्वासित उपाशी मरत होते त्या काळातलं. समजा तुम्ही सकाळी पाषाण तलावाच्या कडेने चालताय, उथळ पाण्यात एक लहान मूल गटांगळ्या खातंय, आत गेलात तर कपडे चिखलाने खराब होतील. जाल ना? जाणारच, विचारायचीसुद्धा गरज नाही. मग कपड्यांच्या किमतीएवढ्या पैशात लांबचं एक मूल वाचत असेल तर तिथे आपण थांबतो का? आता बटणं. अंतर फिरवा, मूल पाषाणला नाही, हजार किलोमीटर लांब आहे पण हात तिथवर पोचतो. माझं उत्तर बदलत नाही. माणसांची संख्या फिरवा, काठावर अजून पन्नास जण उभे आहेत आणि कुणीच जात नाहीये. वाटतं थोडं वेगळं, पण जबाबदारी कमी झाली असं म्हणवत नाही. आता हे बटण फिरवा: समजा रोज सकाळी त्याच तळ्यात एक मूल असतं. रोज. सोमवारी, मंगळवारी, गणपतीत, मुलीच्या परीक्षेच्या दिवशी. इथे माझ्या डाव्या रकान्यात मी 'अडकले' लिहिलं, आणि ते लिहिताना मला लाज वाटली, कारण चाळिसाव्या दिवशीचं मूल पहिल्या दिवशीच्या मुलापेक्षा कमी कसं असेल. पण हेही कळलं की सिंगरांच्या मूळ गोष्टीत 'एकदाच' हे गुपचूप बसलेलं होतं आणि खरं जग 'रोज' आहे. याने त्यांचं म्हणणं खोटं पडत नाही, पण वाद नक्की कुठे आहे ते दिसतं, तो अंतराचा नाही, आयुष्यभराच्या वाट्याचा आहे. मी त्यानंतर दर महिन्याची एक रक्कम ठरवली. ती पुरेशी आहे का हे मला माहीत नाही.

अप्पांचा सुरुवातीला एकच आक्षेप असायचा, "पण असं कुठे होतं का?" ते पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत होते, आयुष्य रस्त्यावर गेलेलं, त्यांना हवेतलं बोलणं चालत नाही. हा आक्षेप घरोघरी येणार, म्हणून त्याचं उत्तर नीट ठेवा. हौदाला दोन नळ, एक भरतो एक रिकामा करतो, या गणितात कुणी विचारत नाही की असा हौद बांधला कुणी, कारण सगळ्यांना कळतं की प्रश्न हौदाचा नाही, वेगाचा आहे. पण अप्पांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. कॅथलीन विल्क्स या तत्त्वज्ञ बाईंनी १९८८ मध्ये हेच ठासून मांडलं, की समजा माणसं अमिबासारखी दुभंगत असती, असं म्हणून 'मी म्हणजे कोण' हे ठरवायला निघालात तर त्या जगाबद्दल काहीच माहीत नसतं, तिथे लग्न कसं होतं, वारसा कुणाला जातो, गुन्हा एकाने केला तर शिक्षा कुणाला, आणि हे माहीत नसेल तर तिथे आपल्याला काय 'वाटेल' याला काय किंमत. मला हे पटतं. म्हणून मी नियम केलाय, जेवढं लांब जाल तेवढा मिळालेल्या उत्तरावर विश्वास कमी ठेवा.

आणि जवळ राहून किती मिळतं याचं माझं आवडतं उदाहरण गॅलिलिओचं आहे, १६३८ सालच्या त्याच्या पुस्तकातलं. तेव्हा मानत की जड वस्तू हलक्यापेक्षा वेगाने पडते. समजा मोठा दगड आठच्या वेगाने पडतो आणि लहान चारच्या. आता दोघांना एकत्र बांधा. लहान दगड मोठ्याला मागे ओढणार म्हणजे वेग आठपेक्षा कमी. पण बांधल्यावर दोन्ही मिळून आधीपेक्षा जड झाले म्हणजे वेग आठपेक्षा जास्त. एकाच वेळी कमी आणि जास्त! म्हणजे मूळ समजूतच आतून फाटलेली होती. दोन दगड आणि एक दोरी, बस. आपल्या नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांकडे, 'तर्क' म्हणतात तो याच जातीचा, समोरच्याचं म्हणणं क्षणभर खरं धरायचं आणि ते कुठे नेतं ते शांतपणे बघायचं. चर्चेत हे वापरून बघा, पण त्याला पाडायला नको, त्याचं म्हणणं जेवढं मजबूत करता येईल तेवढं करून मग धरा.

ज्यांना वाटतं की आपल्याला डोळ्यांसमोर चित्रंच येत नाहीत मग आपल्याला हे कसं जमणार, त्यांच्यासाठी. माझ्या ऑफिसात एक सहकारी आहेत, डोळे मिटले की नुसता काळोख, बायकोचा चेहरासुद्धा येत नाही, अशा स्थितीला २०१५ पासून अफँटेशिया असं नाव आहे. आणि आमच्या चर्चेत सगळ्यात नेमके तेच बोलतात. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ मध्येच हे दाखवलं होतं, त्रिकोण डोळ्यांसमोर आणता येतो, हजार बाजूंची आकृती नाही आणता येत, पण ती काय आहे हे तितकंच स्पष्ट समजतं. या कामात लागते ती कल्पना म्हणजे चित्र नव्हे, 'हे असं असेल तर ते तसं होईल' हे धरून ठेवायची ताकद. चित्रं भराभर येणाऱ्यांनीच उलट सावध राहावं, तळ्यातल्या मुलाचा चेहरा इतका स्पष्ट दिसतो की विचार तिथेच थांबतो.

आता स्वतःचं उदाहरण कसं बनवायचं, कारण दुसऱ्यांची किती दिवस वापरणार. यासाठी मला एक कृती सापडलीय, ज्ञान म्हणजे काय या प्रश्नावरची. पुष्कळांना वाटतं, एखादी गोष्ट खरी असेल, मला ती खरी वाटत असेल आणि त्याला माझ्याकडे चांगलं कारण असेल, तर मला ती 'माहीत' आहे. एडमंड गेटिअर यांनी १९६३ मध्ये तीन पानांच्या लेखात ही व्याख्या मोडली. पण आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध पंडितांकडे अगदी तसंच उदाहरण आहे, मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून निघाला नाहीये, पण मांसाच्या वासाने किड्यांचा काळा थवा वर जमलाय, लांबून एकजण बघतो, त्याला तो धूर वाटतो, आणि तो म्हणतो तिथे आग आहे. आग तर आहेच! पण त्याला ते माहीत होतं म्हणायचं का? 'जिथे धूर तिथे अग्नी' हे आपण ऐकत आलोय, त्याच धुराला त्यांनी असं वळण दिलं.

कृती अशी: एक साधं अनुमान घ्या, त्याचं कारण मोडा, आणि मग नुसत्या योगायोगाने उत्तर बरोबर आणा. मी लेकीला सांगितलं, ती आठवीत आहे, आणि तिने पंधरा मिनिटांत हे आणलं. मुलगी शाळेतून येते, दारात बाबांच्या कोल्हापुरी चपला बघते आणि म्हणते, बाबा घरी आलेत. त्या चपला शेजारच्या काकांच्या असतात, तशाच दिसणाऱ्या. पण बाबा खरंच आतमध्ये असतात, त्यांची चप्पल आज सकाळीच तुटली म्हणून ते बूट घालून गेले होते आणि बूट कपाटात ठेवलेत. तर मुलीला बाबा घरी आहेत हे 'माहीत' होतं का? मला हे उदाहरण धर्मोत्तरांच्या शेजारी ठेवायला अजिबात संकोच वाटत नाही. मुलांना हे लवकर जमतं, त्यांच्याबरोबर करा, फक्त त्यांचं उत्तर दुरुस्त करू नका, पुढचं बटण द्या.

एक चूक मात्र माझी सांगते कारण ती सगळ्यांकडून होते. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू होत्या, भाडेकरूंना किती कार्पेट एरिया, कुणाला कुठला मजला, पार्किंग कुणाला, आणि तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या भाडेकरू बाईंना कोपऱ्यातली अंधारी जागा द्यायचं चाललं होतं. मी उभी राहून म्हटलं, "समजा त्या तुमची आई असत्या तर?" सगळे गप्प झाले, मला वाटलं जिंकले. घरी आल्यावर लक्षात आलं की मी कुणालाही विचार करू दिला नव्हता, दाबून टाकलं होतं, उत्तर आधी ठरवून मग उदाहरण रचलं होतं. तेच बाजू उलटून समोरचाही म्हणू शकला असता, समजा पैसे भरणारा तुमचा भाऊ असता तर. उदाहरण रचलं की त्यातली माणसं बदलून बघा, पुरुषाच्या जागी बाई, आपल्या जातीच्या जागी दुसऱ्या जातीचा, ओळखीच्याच्या जागी अनोळखी, आणि उत्तर बदललं तर आधीचं उत्तर तत्त्वाचं नव्हतं, माणसाचं होतं.

पुढच्या मीटिंगला आम्ही वेगळं केलं, आणि ते सुचवलं अप्पांनी. ते म्हणाले, चिठ्ठ्या टाकायच्यात ना, मग नियम चिठ्ठ्यांच्या आधी ठरवा, आपल्याला कुठला फ्लॅट येणार माहीत नाही असं धरून. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९७१ मध्ये 'अज्ञानाचा पडदा' म्हणून जे मांडलं ते जवळजवळ हेच, न्यायाचे नियम अशा जागी बसून ठरवा की जिथे तुम्ही गरीब आहात की श्रीमंत, धट्टेकट्टे की आजारी, हे तुम्हालाच माहीत नाही. 'जवळजवळ' म्हणायचं कारण, नुसता फ्लॅट नंबर झाकून पडदा पुरा होत नाही. नंबर झाकला तरी मला माहीत असतंच की माझे गुडघे शाबूत आहेत आणि लाइट गेली तरी मी जिना चढू शकते. मग मी म्हटलं, आपलं वयसुद्धा झाकू या, समजा उद्या उठल्यावर आपण या खोलीतले कोणीही असू. अर्धा तास वाद झाला, पण खालच्या मजल्यांवर साठीच्या पुढच्यांना आधी हक्क आणि मग बाकीच्यांच्या चिठ्ठ्या, एवढं ठरलं, आणि त्या बाईंना पहिल्या मजल्यावर पूर्वेची जागा मिळाली. सगळे प्रश्न काही सुटले नाहीत, पार्किंगवरून अजून बोलणं बंद असलेली दोन घरं आहेत.

शेवटचं काम लोक हमखास विसरतात, ते म्हणजे परत येणं. यासाठी आपल्याकडे मराठीतच तयार साचा आहे. महानुभाव पंथाच्या दृष्टांतपाठात, म्हणजे चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले त्यात, आधी सूत्र येतं, मग दृष्टांत येतो आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लागू पडतं ते. आपण दृष्टांतावर थांबतो. माझ्या वहीत मी दार्ष्टांतिकाला अर्धं पान ठेवते आणि त्यात दोन भाग करते, कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही, दुसरा भाग जास्त प्रामाणिकपणे लिहायचा. उदाहरणार्थ जहाज आणि वाडा जुळतात लाकडात आणि क्रमात. जुळत नाहीत ते यात, की जहाजात कुणी जन्मलं नव्हतं आणि जहाज बंदरात कुठेही उभं राहतं, वाड्याला जागा असते, विहीर असते, समोरची गल्ली असते. म्हणून हॉब्जचं उत्तर काहीही असलं तरी ते उचलून आमच्या वाड्याला चिकटवता येणार नाही.

कुठे आणि केव्हा करायचं हे ज्याचं त्याने बघावं. मला चालताना जमतं, हनुमान टेकडीवर जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक प्रश्न, जास्त नाही, फोन पिशवीत, आणि खाली आल्यावर चहा घ्यायच्या आधी वहीत. बरोबर कुणी असेल तर न पटणारं माणूस घ्या. माझ्यासाठी ते अप्पा आहेत, त्यांना टेकडी झेपत नाही म्हणून आम्ही ओंकारेश्वरापर्यंत जातो.

मागच्या दिवाळीनंतर मुळशीच्या गृहस्थांनी आम्हाला आग्रहाने बोलावलं. अप्पा आत गेले, चौकात उभे राहिले, आणि डावीकडच्या दुसऱ्या खांबापाशी जाऊन खाली वाकून हात फिरवायला लागले. तिथे पेन्सिलच्या रेघा होत्या, माझ्या नवऱ्याची उंची, नणंदेची उंची, शेजारी तारखा, पॉलिशखालून अजून दिसत होत्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "समजा, या माणसाने खांब तासून घेतला असता, रेघा गेल्या असत्या. लाकूड तेच. मग?"

मी पर्समधून वही काढली आणि डावीकडे लिहायच्या आधी त्यांच्या हातात पेन दिलं.